अकरा दिवसांत सात देश नकोत, आम्ही एकच शहर बघणार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत युरोपच्या सहलींवर एक पान होतं. ते पान आमच्या भावोजींनी कात्रीने कापलं, चौकोनी घडी घातली आणि मडगावहून फोंड्याला येऊन माझ्या हातात ठेवलं. ‘अकरा दिवसांत सात देश’ या ओळीखाली त्यांनी निळ्या पेनाने दोन रेघा मारल्या होत्या. हे पत्र म्हणजे त्या दोन रेघांना दिलेलं उत्तर समजा. भावोजी तुमचा अंक रोज वाचतात. माझं तोंडावर ऐकत नाहीत, छापून आलं तर कदाचित ऐकतील.

मी कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेच्या, बसस्थानकावर तीस वर्षं टाइमकीपर होतो. गाडी कधी आली, कधी सुटली, किती मिनिटं उशीर, का उशीर, हे लिहिण्यात उमर गेली. त्यामुळे सहलीचं पत्रक हातात आलं की मी फोटो बघत नाही, वेळा बघतो. त्यातला सहावा दिवस असा: सकाळी पॅरिस सोडायचं, ब्रसेल्सला ‘फोटो स्टॉप’, संध्याकाळी जर्मनीतलं कलोन, कॅथेड्रल बघून हॉटेलवर. पॅरिस ते ब्रसेल्स तीनशेच्या वर किलोमीटर, पुढे कलोन दोनशेच्या वर. युरोपात बसचालकाने साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास थांबावंच लागतं, आणि दिवसाला साधारण नऊ तासांच्या वर चालवता येत नाही. गाडीतल्या यंत्रात सगळं नोंदलं जातं. ‘जरा ओढून घे रे’ म्हणून तिथे भागत नाही. मी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. जेवण, शौच, वाहतूक आणि ब्रसेल्समध्ये हरवणारा एखादा प्रवासी (प्रत्येक ग्रुपमध्ये एक असतोच) धरून कलोनच्या कॅथेड्रलला उरली चाळीस मिनिटं. त्याचे मनोरे 157 मीटर उंच आणि वर जायला 533 पायऱ्या. गेल्या वर्षी पारोड्याचा चंद्रनाथ चढताना भावोजी तीन ठिकाणी बसले होते.

भावोजींचं म्हणणं एकच, “अरे, तितल्याच पयशांनी सात देश!” जणू देश म्हणजे बाजारातले बांगडे, शंभराला सात मिळाले तर पाच कशाला घ्या.

ताईची मुलगी, म्हणजे माझी भाची, जर्मनीत एरलांगेनला नोकरी करते. ताई आणि भावोजी तिला भेटायला जाणारच आहेत, आम्ही दोघं सोबत निघालो. चवथ (गणेशचतुर्थी) आटोपली की ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. एरलांगेनहून लोकल गाडीने वीसेक मिनिटांवर न्यूरेंबर्ग आहे. मी घरात जाहीर केलं की पाच दिवस तिथेच, दुसरं कुठे नाही. भावोजींनी विचारलं, “तिथे आहे काय एवढं?” त्यांना मी सांगितलं, आपल्या गोव्याचा गेंडा आहे.

गोष्ट खरी आहे. 1514 मध्ये गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फरशाह याने आफोन्सो द आल्बुकेर्कच्या वकिलांबरोबर एक जिवंत गेंडा भेट पाठवला. आल्बुकेर्कने गोवा घेऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. गेंडा इथे ठेवून करायचं काय? त्याने तो पोर्तुगालचा राजा मानुएल याला नजराणा म्हणून जहाजावर चढवला. 1515 च्या जानेवारीत जहाज गोव्याहून सुटलं आणि आफ्रिकेला वळसा घालून 20 मे रोजी लिस्बनला लागलं. रोमन काळानंतर युरोपने पाहिलेला तो पहिला जिवंत गेंडा. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली, तर हत्ती झुंज सुरू व्हायच्या आतच पळाला. मग राजाने गेंडा पोपकडे पाठवला. वाटेत इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं आणि साखळदंडात बांधलेलं ते जनावर बुडालं.

दरम्यान लिस्बनहून गेंड्याचं वर्णन आणि एक रेखाटन न्यूरेंबर्गला पोचलं होतं. तिथे राहणाऱ्या आल्ब्रेख्त ड्यूरर या चित्रकाराने तेवढ्या आधारावर 1515 मध्येच गेंड्याचं चित्र काढलं आणि लाकडी ठशावरून छापलं. गेंडा त्याने जन्मात पाहिला नाही. आमच्या नातीने हे चित्र झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणलं आणि फ्रिजवर चिकटवलं. रोज पाणी प्यायला गेलो की मी ते बघतो. अंगावर लोखंडी चिलखताचे पत्रे खिळ्यांनी ठोकल्यासारखे, पायांवर माशासारखे खवले, आणि मानेच्या मागे, खांद्यावर, पीळ पडलेलं एक जास्तीचं छोटं शिंग. असं शिंग कुठल्याही गेंड्याला नसतं. वर छापलेल्या मजकुरात जनावर आल्याचं साल 1513 दिलं आहे. म्हणजे गाडी दोन वर्षं बिफोर टाइम! माझ्या हाताखाली कोणी अशी नोंद केली असती तर मी खुलासा मागितला असता. पण ड्यूररची चूक अशी काही चालली की युरोपातले लोक पुढची अडीचशे वर्षं गेंडा असाच असतो असं समजत होते.

नातीला घेऊन मी ओल्ड गोव्याला दिवाडीच्या फेरीच्या धक्क्यावर गेलो होतो. व्हाइसरॉयच्या कमानीकडून खाली उतरलं की समोर मांडवी. गेंडा नेमका कुठल्या धक्क्यावरून चढवला ते माहीत नाही, पण पाणी हेच. नातीने विचारलं, “आजोबा, गेंड्याला बोटीवर चढवला कसा?” त्याच वेळी एक माणूस फेरीबोटीत पाडा चढवत होता. पाडा लोखंडी फळीवर चारही पाय रोवून उभा. एकाने दोरी ओढली, एकाने शेपूट पिळलं, मागे स्कूटरवाले हॉर्न वाजवताहेत. सात मिनिटं गेली (मी घड्याळ लावलं होतं, सवय जात नाही). नात म्हणाली, “पाड्याला एवढं, तर गेंड्याला?” तिथे आसपास त्या गेंड्याबद्दल एका ओळीची पाटी मला दिसली नाही. ज्या प्राण्याचं चित्र जगभरच्या पुस्तकांत आहे, तो गोव्याहून गेला हे इथल्या पोरांना कळायला काय हरकत आहे? असो, हा विषय वेगळ्या पत्राचा.

आता आमचं वेळापत्रक. मुंबईहून विमानाने म्युनिक, विमानतळावरून पाऊण तासात शहराचं मोठं स्टेशन, तिथून जलद गाडीने तासाभरात किंवा थोड्या जास्त वेळात न्यूरेंबर्ग. ऑक्टोबरमध्ये जर्मनीचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी पहाटे तीन वाजता ते लोक काटा परत दोनवर आणतात, मग फरक साडेचार तासांचा. रात्रीच्या आगगाड्या त्या वेळी कुठल्या तरी स्टेशनात तासभर उभ्या करतात म्हणे. हे वाचून मला रात्री झोप आली नाही. अशी रात्र माझ्या ड्यूटीवर आली असती तर रजिस्टरमध्ये काय लिहायचं?

मुक्काम भाचीकडे नाही, तिच्या जागेत दोनच खोल्या आहेत. न्यूरेंबर्ग स्टेशनजवळ हॉटेल घेतलं. स्टेशनच्या समोरच जुन्या शहराचा तट सुरू होतो. मूळ तटबंदी सुमारे पाच किलोमीटरची, त्यातली चारेक किलोमीटर अजून उभी आहे. आत शिरलं की सरळ चालत राहायचं: लोरेंझचं चर्च, पेग्निट्झ नदीवरचा पूल, बाजाराचा चौक, आणि मग किल्ल्याचा चढ. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दीडेक किलोमीटर. पण वाट दगडी फरशीची आणि ताईचे गुडघे सत्तरीचे, म्हणून मी हे अंतर दोन दिवसांत वाटून टाकलं आहे. सात देशवाले हे अंतर पन्नास मिनिटांत काढतात, झेंडीवाला पुढे, ताई मागे.

पहिला दिवस फक्त बाजारचौकाचा. तिथल्या फ्राउएनकिर्खे या चर्चच्या दर्शनी बाजूला एक घड्याळ आहे. रोज दुपारी बरोबर बारा वाजता ते वाजतं आणि मध्ये बसलेल्या सम्राटाभोवती सात राजनिवडकांच्या बाहुल्या तीन फेऱ्या मारतात. 1356 मध्ये सम्राट चौथा चार्ल्स याने सम्राट कोणी निवडायचा याचा जाहीरनामा काढला, त्याची ही आठवण. बाहुल्यांचं यंत्र 1509 मध्ये बसवलं, म्हणजे आल्बुकेर्क गोव्यात यायच्या आदल्या वर्षी. आम्ही पावणेबारालाच चौकात हजर राहणार. सौ. म्हणते, “म्हाका फकत तें घड्याळ दाखय, मागीर खंयूय व्हर.” (मग कुठेही ने.) लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली, टाइमकीपरच्या बायकोने दुसरं काय मागावं?

पण त्याच चौकाची एक गोष्ट मी घरात अजून सांगितलेली नाही. हे चर्च ज्या जागेवर उभं आहे तिथे आधी ज्यूंचं प्रार्थनास्थळ होतं. 1349 मध्ये ज्यूंची वस्ती पाडली, शेकडो लोक मारले, आणि मोकळ्या झालेल्या जागी बाजार आणि चर्च आलं. पाडापाडीला आधीच परवानगी देऊन ठेवणारा सम्राट तोच चौथा चार्ल्स, ज्याच्याभोवती बाहुल्या फिरतात. बारा वाजता टाळ्या वाजवताना हे ठाऊक असलेलं बरं, म्हणून इथे लिहितो.

या शहराचं आणि घड्याळांचं नातं जुनं आहे. पीटर हेनलाइन नावाच्या कुलूप बनवणाऱ्या कारागिराने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला इथेच अंगावर बाळगता येतील अशी छोटी घड्याळं केली. त्या काळी न्यूरेंबर्गची वेळ मोजायची रीतही न्यारी. दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजायचे आणि सूर्यास्तानंतर रात्रीचे पुन्हा एकपासून. उन्हाळ्यात दिवस सोळा तासांचा, हिवाळ्यात आठ. आमची आजी सावली बघून पेज चुलीवरून उतरवायची, तिला हे एका वाक्यात समजलं असतं.

दुसऱ्या दिवशी चढ. किल्ल्यात एक विहीर आहे, खडकात सुमारे पन्नास मीटर खोल. वाटाड्या तिच्यात पाणी ओततो आणि सगळ्यांना गप्प बसवतो. पाणी पडल्याचा आवाज यायला काही सेकंद जातात. मग मेणबत्त्या ठेवलेलं तबक खाली सोडतात आणि ती ज्योत लहान लहान होत जाते. आमच्या परसातली बाव अकरा हात, तिच्यात डोकावलं तरी ताई ओरडते. किल्ल्याच्या पायथ्याशी ड्यूररचं घर आहे. 1509 पासून 1528 मध्ये मरेपर्यंत तो तिथेच राहिला, म्हणजे गेंडा त्याच छपराखाली काढला गेला. मूळ चित्रांपैकी बरीचशी दुसऱ्या शहरांतल्या संग्रहालयांत गेली आहेत. पण लाकडी ठशावरून छपाई कशी करत ते घरात दाखवतात, मला तेच बघायचं आहे. घरासमोरच्या चौकात ड्यूररच्या सशाच्या चित्रावरून केलेला कांशाचा एक भलामोठा, अंगावर येणारा ससा बसवला आहे. फोटो पाहून सौ. म्हणाली, याच्याशेजारी मी उभी राहणार नाही.

जेवणाचं काय, हा भावोजींचा पुढचा प्रश्न. तिथली प्रसिद्ध चीज म्हणजे बोटाएवढी डुकराच्या मांसाची सॉसेजं, एका पावात तीन घालून देतात. दंतकथा अशी की रात्री वेशीचे दरवाजे बंद झाल्यावर कुलपाच्या भोकातून सरकवता यावीत म्हणून ती एवढी बारीक केली. ताई-भावोजी डुक्कर खात नाहीत आणि सोमवारी घरात शिवराक, म्हणजे शाकाहारी जेवण, असतं. पण मी भाचीकडून पक्की माहिती काढली आहे. त्या भागात तळ्यांतला कार्प मासा खातात, तोही नावात ‘र’ असलेल्या महिन्यांतच, सप्टेंबर ते एप्रिल. आपल्याकडे जून-जुलैत ट्रॉलर बंद, तसाच हा त्यांचा नेम. मासा उभा चिरून अर्धा भाग पिठात घोळवून तळतात, बरोबर बटाट्याचं सॅलड. गोड्या पाण्यातली मासळी म्हटल्यावर भावोजींचं तोंड वाकडं झालं. “इसवण (सुरमई) मेळना?” मी म्हटलं, तुम्ही सात देश फिरलात तरी इसवण मिळणार नाही.

गोडात लेबकूखन नावाचा मसालेदार केक. दालचिनी, लवंग, वेलची, जायफळ, आलं आणि शहराभोवतालच्या जंगलातला मध. जर्मनीत इतक्या आत वेलची पोचली कशी? व्यापाऱ्यांनी पोचवली, आधी व्हेनिसमार्गे. तिथल्या गबर सावकारांना लोक ‘मिरीची पोती’ म्हणून हिणवत. पोर्तुगीजांनी मिरीची वाट समुद्रावरून वळवल्यावर हेही सावकार गप्प बसले नाहीत. 1505 मध्ये भारताकडे निघालेल्या पोर्तुगीज ताफ्यात न्यूरेंबर्गच्या पेढ्यांचा पैसा होता. आपल्या घाटांतली मिरी ज्यांच्या पोत्यांत गेली, त्यांच्या गल्लीत उभं राहून केक खायचा आहे. ताईला मी डबा भरून दोदोल, आपली गोव्याची मिठाई, घ्यायला सांगितलं आहे, भाचीच्या शेजाऱ्यांसाठी. हिशेब बरोबर होईल.

तिसऱ्या दिवशी सकाळी संग्रहालय. जगात टिकून असलेला सर्वांत जुना पृथ्वीचा गोल तिथे आहे. पोर्तुगालच्या राजाकडे चाकरी केलेल्या मार्टिन बेहाइमने तो 1492 च्या सुमारास या शहरात करवून घेतला. त्याच्यावर अमेरिका नाहीच, कारण कोलंबस तेव्हा नुकता निघाला होता. गोव्याचा किनारा त्याने कसा काढला असेल ते मी भिंग घेऊन बघणार आहे. सोमवारी संग्रहालयं बहुधा बंद आणि रविवारी दुकानं बंद, हे दोन वार आधी मांडून मगच बाकीचे दिवस लावले.

त्याच दिवशी दुपारी भुयारी रेल्वेने न्यायालयात. 600 क्रमांकाचं दालन. 20 नोव्हेंबर 1945 पासून 1 ऑक्टोबर 1946 पर्यंत नाझी पुढाऱ्यांवरचा खटला तिथे चालला. इंग्रजी, फ्रेंच, रशियन, जर्मन अशा चार भाषांत एकाच वेळी दुभाषे बोलत आणि लोक कानाला यंत्र लावून ऐकत. ज्या शहरात नाझींचे मेळावे भरत, त्याच शहरात निकाल लागला. 2 जानेवारी 1945 च्या रात्रीच्या बॉम्बवर्षावात जुनं शहर जवळजवळ सगळं पडलं होतं. म्हणजे आपण जे ‘जुनं’ म्हणून बघणार त्यातलं पुष्कळसं नंतर दगडावर दगड ठेवून पुन्हा उभं केलेलं आहे. भावोजी म्हणाले, “मग ते नवंच की!” या एका प्रश्नावर आमच्या ओसरीवर दोन तास गेले, आणि उत्तर अजून ठरलेलं नाही.

भुयारी रेल्वेचं एक राहिलं. तिथल्या दोन मार्गांवर गाडीला चालकच नाही, पहिला मार्ग 2008 पासून असा चालतो. कंडक्टर तर नाहीच, स्टेशनात शिरताना फाटकही नाही. तिकीट काढायचं आणि आपण होऊन शिस्तीने बसायचं. विनातिकीट सापडलात तर 60 युरो दंड. मी पुढच्या काचेशी उभा राहून एक फेरी पूर्ण करणार, त्यासाठी वेगळा पाऊण तास राखला आहे.

व्हिसाबद्दल दोन शब्द, वाचकांच्या उपयोगाचे. 90 युरो फी, किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मुक्कामाची बुकिंगं आणि पेन्शनच्या पासबुकाच्या प्रती जोडायच्या. बाजारातल्या एका एजंटने मला सुचवलं, “मास्तर, हॉटेलं डमी दाखवू, मागीर रद्द करू.” एकाच शहरात पाच रात्री असल्याने मला खरं बुकिंग दाखवायला एक कागद पुरला. त्याला सात शहरांची थाप मारायची सवय. माझा जन्म 1960 चा, पोर्तुगीज राजवटीतून गोवा मुक्त होण्याच्या आदल्या वर्षीचा. शेजारी म्हणतो, पोर्तुगीज पासपोर्ट काढला असतास तर व्हिसाच लागला नसता. खरं आहे. त्याच्या पोरांनी काढला, घराला आता कुलूप असतं आणि विजेचं बिल माझ्याकडे येतं.

चौथा दिवस भाचीचा. ताई तिथे स्वयंपाक करणार, त्यात मी वेळ घालून दिलेली नाही.

पाचव्या दिवसापुढे मी काहीच लिहिलेलं नव्हतं. परवा भावोजींनी कागद उलटासुलटा केला आणि विचारलं, “हा दिवस रिकामा कसा? यात एक देश बसतो.” मी पेन घेऊन तिथे ‘स्पेअर’ असं लिहिलं. डेपोत एक गाडी रोज स्पेअर उभी असायची, धुऊनपुसून, डिझेल भरून. भावोजींना ते पटलं नाही. पण त्यांनी आपलं कात्रण घडी घालून परत खिशात ठेवलं, टेबलावर नाही सोडलं.

आपला,
एक निवृत्त टाइमकीपर,
फोंडा